नमुन्याचा हात

चैत्र सरत आला की उमरग्याच्या हायवेवर फुलांच्या माळा लावलेल्या गाड्या दिसायला लागतात. उघड्या टेम्पोत वऱ्हाड दाटीवाटीनं बसलेलं असतं, मागचा ट्रकवाला वैतागून हॉर्न वाजवत असतो आणि टेम्पोतल्या बायका त्याच्याकडे बघून खुशाल हसत असतात. लगीनसराई म्हटलं की कुणाला आमरस आठवतो, कुणाला बँड, कुणाला मानपानावरून फुगून बसलेले पाहुणे. मला आठवतो नखांवरचा रंग उतरवायच्या औषधाचा वास. नाकात शिरला की थेट कपाळात जाऊन बसणारा. यंदा आमच्याच घरात लग्न निघालं आणि कुणी बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नसताना तो वास मला पुन्हा यायला लागला.

मी धाराशिवला शाळेत शिकवते. माहेर उमरग्याचं. माहेरपणाचं वय कधीच उलटून गेलंय, पण मे महिन्यात चार दिवस तिकडं गेल्याशिवाय मला सुट्टी लागल्यासारखं वाटत नाही. घरात इतकी वर्षं तिघीच असायच्या. माझी आई, तिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो, कारण आमच्या घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोललं जातं. माझ्या वहिनी महानंदा. आणि त्यांची लेक सृष्टी. माझा भाऊ, आमचा दादा, मी सांगतेय त्या काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या आधीच गेला होता. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्याच्या पायरीवरच संपला. हायवेला त्याचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. आता दुकान कुणाला चालवायला द्यायचं यावर भाऊबंदांचा खल चालू असतानाच एका सकाळी वहिनींनी जाऊन शटर वर केलं. बेअरिंग कुठलं, लायनर कुठला, हे त्यांना दादाला डबा पोचवता पोचवता कधीच पाठ झालं होतं. पंजाबचे, हैदराबादचे ड्रायव्हर त्यांना भाभीजी म्हणायला लागले आणि भाऊबंद गप्प झाले.

त्या सुट्टीत मी पोचले तर सोप्यात सृष्टी एका खोक्यापुढं मांडी घालून बसलेली. कॉलेजचं दुसरं वर्ष संपलं होतं. मैत्रिणी शिवणाच्या, मेंदीच्या क्लासला गेल्या होत्या आणि या बयेनं जेलपॉलिशचा अख्खा संच मागवला होता. खोक्यातून एकेक वस्तू निघत होती. वेगवेगळ्या खरखरीच्या कानशी, कातडी मागं सारायची छोटी सळई, बारक्या बाटल्या, आणि जांभळा उजेड पाडणारा एक पांढरा दिवा, ज्याच्या पोटात हात घालायचा.

"ह्यो काय कोंबडीची पिल्लं उबवायचा डबा हाय का?" अव्वानं विचारलं.

"आज्जी, ह्यात नखं वाळवत्यात," सृष्टी म्हणाली.

"नखं वाळवाया लाइट लागती? आमी तर फुकून वाळवायचो."

पहिला बळी अर्थातच मी. खडूनं पार कोरडी पडलेली माझी नखं बघून सृष्टीनं तोंड वाकडं केलं, पण मास्तरणीवरच प्रयोग करायला मिळतोय याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवलेला. त्यातली बाई काहीतरी करायची, मग सृष्टी व्हिडिओ थांबवायची, मग माझ्या बोटावर तेच करून बघायची. नख एकाच दिशेनं घासायचं, मागंपुढं नाही, नाहीतर त्याचे पापुद्रे निघतात. कडेची कातडी हळूच मागं सारायची. वरची चकाकी घालवायची, नाहीतर रंग धरत नाही. मग पुसून घ्यायचं आणि पुसल्यावर बोट कशालाही लावायचं नाही. मी नेमकं त्याच वेळी नाक खाजवलं.

"आत्या!"

"बरं बाई, चुकलं."

रंग तिनं असा घसघशीत थापला की बाटली अर्धी झाली असेल. हात दिव्यात घातला आणि पुढच्या क्षणाला मी ओरडले. थर जाड असला की वाळताना नखाला चटका बसतो, हे व्हिडिओतल्या बाईनं पुढं सांगितलं होतं आणि तिथवर आम्ही अजून पोचलो नव्हतो. दुसऱ्या हाताचा रंग लावून झाला आणि लाइट गेली. या रंगाचं असं की दिवा दाखवल्याशिवाय तो वाळतच नाही. तासभर ठेवा, दिवसभर ठेवा, ओला तो ओलाच. उमरग्यात मे महिन्यात गेलेली लाइट कधी येईल हे कोण सांगणार? मी हात पसरून भिंतीला टेकून बसले. जेवणवेळ झाली तशी वहिनींनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून माझ्या तोंडात घातला.

"वन्सं, आता पाणी पाजू का लोरी म्हनू?" त्यांनी विचारलं.

दादा गेल्यापासून त्या घरात मोठ्यानं हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला त्यांचं ते हसणं इतकं बरं वाटलं की लाइट आली नाही तरी चालेल असं मनात येऊन गेलं.

पुढं पुढं पोरीचा हात बसला. हे काम उतावळ्या माणसाचं नव्हे, हे तिला तिचं तिलाच उमगलं. थर पातळ हवा, इतका पातळ की पहिल्यांदा लावल्यावर नख डागाळल्यासारखं दिसतं आणि फसलं वाटतं. तिथं धीर सोडून वर जाड थर दिला की सुरकुत्या पडतात. कातडीला रंग लागला तर आधीच पुसून घ्यायचा, दिवा दाखवल्यावर तो पुसता येत नाही. नखाच्या टोकावरूनही ब्रश फिरवायचा. सगळ्यात शेवटी वरचा चिकटपणा पुसून काढला की नख असं चकाकायचं की त्यात खिडकी दिसायची. वर्गात मी मुलांना जे वर्षानुवर्षं सांगत आले आणि कुणी ऐकलं नाही, ते माझी भाची एका बाटलीकडून शिकली.

माझ्या चुलत बहिणीला, शोभाक्काला, हे कुठून तरी कळलं. तिच्या प्राजक्ताचं लग्न महिन्याच्या शेवटी ठरलेलं. नवरीला हल्ली मेंदीइतकीच नखंही लागतात. सोलापूरला जाण्यापेक्षा घरचीच पोर करतेय तर करू दे, असं शोभाक्का फोनवर म्हणाली. "पण आधी कुनाच्या तरी हातावर करून फोटो धाड. रंग शालूला जुळतोय का बघाया पायजे. जावयाकडची मान्सं लई बघून घेनारी हायत."

सृष्टीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पहिलं गिऱ्हाईक, तेही नवरी! पण नमुना करायचा कुणाच्या हातावर? माझी नखं आखूड. अव्वाची जाड आणि पिवळी. मैत्रिणी गावाला गेलेल्या. आणि सगळ्यांत सुंदर नखं ज्या हाताला होती तो हात रोज आमच्या ताटात भाकरी वाढत होता, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनींची नखं लांबट, बदामी घाटाची. दुकानात ग्रीसमध्ये हात घालून यायच्या, राखेनं घासून धुवायच्या आणि नखं पुन्हा होती तशी. दादा सोलापूरला माल आणायला गेला की त्यांच्यासाठी नेलपॉलिशची बाटली घेऊन यायचा. तो गेल्यावर त्या बाटल्या कपाटात वाळून गेल्या. फेकायला मात्र त्यांनी दिल्या नाहीत.

"मम्मी, तुझा हात दे."

"खुळी का काय? माझा हात कशाला?"

"फोटोत निस्ती बोटं दिसत्यात. कुणाला कळतंय?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "द्या की वहिनी. पोरीचं काम अडलंय." अव्वा माळवद झाडायला वर गेली होती. वहिनी पदराला हात पुसत बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला तो असा, जणू बांगड्या भरायलाच बसल्यात.

ती दुपार मला फार आठवते. बाहेर ऊन रणरणत होतं. खिडकीला ओलं पोतं लावलेलं, त्याचा वास. सृष्टी आईचं एकेक बोट धरून खाली मान घालून काम करत होती आणि वहिनी लेकीच्या भांगाकडे बघत होत्या. शालूचा रंग डाळिंबी होता, तसलाच रंग सृष्टीनं निवडलेला. हात दिव्यातून शेवटचा बाहेर आला, सृष्टीनं तो पुसला आणि वहिनी उठून खिडकीशी गेल्या. पोतं बाजूला करून त्यांनी उजेडात हात धरला. उलटा, सुलटा. मग एकदम मागं वळून म्हणाल्या, "लई दिसांनी माझा हात मला माझा वाटला बघ."

फोटो गेला. प्राजक्ताला इतका आवडला की तिनं तो सासरच्या बायकांनाही पाठवला. अगदी अस्संच हवं, असा तिचा निरोप आला. सृष्टी घरभर नाचली.

दोन दिवसांनी शोभाक्का पत्रिका द्यायला घरी आली. बोलणं लग्नाच्या खरेदीचं झालं, उन्हाचं झालं. वहिनींनी चुरमुऱ्याचा सुशीला केला होता. ताटली घेऊन त्या बाहेर आल्या आणि वाकून शोभाक्कापुढं ठेवली. मी शोभाक्काकडेच बघत होते. तिची नजर ताटलीवर आली, ताटलीवरून बोटांवर गेली आणि तिथंच थांबली. तिनं पर्समधून मोबाइल काढला, फोटो पाहिला, पुन्हा बोटं पाहिली.

"ह्यो फोटो तुझ्या हाताचा व्हय, महानंदा?"

"व्हय अक्का," वहिनी म्हणाल्या. अजूनही त्यांना काही कळलं नव्हतं. उलट त्यांनी हात जरा पुढंच केला. "सृष्टीनं केलंय. चांगलं झालंय न्हाय?"

"चांगलंय की," शोभाक्का म्हणाली. सुशीला तिनं दोन घास खाल्ला आणि पोट भरलंय म्हणून ताटली सरकवली. निघताना अव्वाला अंगणात बाजूला घेतलं. आवाज हळू होता, पण आमचं अंगण ते केवढं! "काकू, नवरीचा रंग आदी हिच्या हातावर? एवढं तरी बघाया नगं का? त्यांच्याकडल्या बायकांस्नी फोटो गेलाय. उद्या कळलं तर काय तोंड दाखवू?"

वहिनी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, सृष्टीनं ऐकलं, मीही ऐकलं.

मी तशीच चपला न घालता अंगणात गेले. शोभाक्का माझ्याहून मोठी, पण आम्ही एका ताटात जेवलेल्या. म्हटलं, "अक्का, तू सकाळी पूजेला बसतीस तेव्हा गळ्यातलं इष्टलिंग कुठं घेतीस?"

"हे काय इचारनं झालं?"

"डाव्या तळहातावर घेतीस ना? वहिनीबी घेतात. रोज. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीपण घेतलं होतं. देव बसतो त्या हातावर. आणि तुझ्या पोरीचा रंग बसला तर बाटला?"

"मला शिकवू नगंस," शोभाक्का म्हणाली आणि गाडीत बसली.

माझा त्या गोष्टीवरचा राग अजूनही शमलेला नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक नाही, विटाळ नाही, बाई-पुरुष भेद नाही, हे लहानपणी आम्हाला कौतुकानं सांगितलं गेलं. सणावाराला पाहुण्यांसमोर मोठ्या माणसांनी ते मोठ्या आवाजात सांगायचं आणि आम्ही पोरांनी माना डोलवायच्या. ते खोटं नव्हतंच. पूजेच्या वेळेपुरतं ते पूर्ण खरं असायचं. तळहातावरचा देव पुन्हा गळ्यात गेला की तोच हात विधवेचा व्हायचा, आणि यात काही विसंगत आहे असं कुणालाच वाटायचं नाही. कुणी दुष्ट नव्हतं. शोभाक्का तर दादा गेला तेव्हा आमच्याकडे आठ दिवस राबली होती. वहिनींच्या तोंडात घास घालणारी तीच. तिच्या मनात वहिनींविषयी माया होती आणि भीतीही होती, आणि पोरीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा भीती पुढं झाली.

मी घरात आले तर अव्वा वहिनींना सांगत होती, "काढून टाक गं ते. लगीन होईस्तोवर तरी."

"अव्वा, तू पण?"

"तुला काय हुतंय? तू जाशील धाराशिवला. आमाला हितं चार घरात ऱ्हायचंय." मग ती म्हणाली, "तुजा बाप गेला तवा म्या बी काढलं हुतं सगळं. मला कुनी इचारलं हुतं का?" माझ्या आईच्या हातातल्या बांगड्या कुणी, कधी, कशा काढल्या, हे मी खरोखरच तिला कधी विचारलं नव्हतं.

साधं नेलपॉलिश बोळा फिरवला की जातं. हे जात नाही. वरचा थर कानशीनं घासायचा, औषधात भिजवलेला कापूस प्रत्येक नखावर ठेवायचा, वरून चांदीचा कागद गुंडाळायचा आणि वाट बघायची. मग ते आपोआप सुटून येतं. सृष्टीचं औषध प्रयोग करून करून संपलेलं. मी आणि ती बाजारात गेलो, दोन-तीन दुकानं पालथी घातली आणि बाटली घेऊन परतलो, तर वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून खाली बसल्या होत्या. हातात भाजी चिरायची सुरी. सुरीचं टोक रंगाच्या कडेत खुपसून त्या तो उचकटत होत्या, आणि रंग सालीसारखा निघत होता. त्याच्याबरोबर नखाचा पापुद्राही.

"मम्मी, थांब! तसं नसतंय काढायचं! भिजवावं लागतंय गं!"

"आलंय की निघून," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या बोटाला लागल्या. सृष्टीनं सुरी हिसकावून घेतली. राहिलेली नखं तिनं भिजवून काढली. चांदीचे कागद गुंडाळलेली बोटं मांडीवर ठेवून वहिनी बसून राहिल्या. रडल्या नाहीत. सृष्टी मात्र हमसून हमसून रडत होती आणि मधूनच औषध सांडत होती. घरभर तो वास पसरला.

प्राजक्ताची नखं सोलापूरच्या पार्लरवालीनं केली. आम्ही लग्नाला गेलो, न जाऊन सांगणार कुणाला? वहिनी मंडपात मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात पदराखाली घेऊन. उघडी पडलेली नखं पांढरट, खडबडीत झाली होती आणि कागदासारखी वाकत होती. मिरची चिरली की आग व्हायची, लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी यायचं. दुकानात साधी डबी उघडायची म्हटली तरी चिमटा घ्यायच्या.

नख फार सावकाश वाढतं, हे त्या वर्षी मला कळलं. मी शनिवार-रविवार जाऊन यायचे आणि आधी वहिनींचे हात बघायचे. पेरण्या झाल्या, श्रावण आला, सोयाबीन काढायला आलं, आणि ती खडबडीत रेघ मुळापासून टोकाकडं सरकत राहिली. दिवाळीला नखं पूर्वीसारखी गुळगुळीत झाली. मला वाटलं, सुटलो. त्यानंतर एकदा सहज त्यांचा हात हातात घेतला तर नखं पार कातडीलगत कापलेली. "दुकानात अडकत्यात," त्या म्हणाल्या. त्या हाताला दुकानात इतकी वर्षं काही अडकलं नव्हतं. पुढं त्यांनी नखं कधी वाढू दिली नाहीत. लग्नकार्याला जाणं सोडलं. शेजारच्या बारशाला पाळण्याजवळ गेल्या नाहीत, लांबूनच बाळ बघितलं. अंगणात बोललेलं ते एक वाक्य त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि ते भिजवून काढता येत नव्हतं.

सृष्टीनं काम सोडलं नाही. ती तिच्या बापावर गेलीय, एकदा धरलं की धरलं. आता सोप्यात तिचं टेबल आहे, मुरूमच्या, नळदुर्गच्या नवऱ्या तिच्याकडे येतात. शिकायला पोरी येतात. कातडीला रंग लागला की पोरींवर अशी खेकसते की मला माझीच आठवण येते. आईच्या हाताला मात्र तिनं त्यानंतर ब्रश लावला नाही. आईनं लावू दिला नसता.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा ढोकीचा, तिथल्या साखर कारखान्यात कामाला. गाळप संपल्याशिवाय रजा नाही, म्हणून तारीख उन्हाळ्यातली. पाहुणे चांगले आहेत, मुलगा अबोल पण हसरा. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर लग्नाच्या आदल्या आठवड्यात सृष्टीनं टेबलावर दिवा मांडला, बाटल्या मांडल्या आणि आईला हाक मारली.

"मम्मी, ये. माझी नखं तू करायची."

वहिनी हसल्या. "मला कुठं येतंय?"

"मी सांगते ना. मलाबी कुठं येत होतं?"

"माझा हात थरथरतोय हल्ली. ग्रीसचा हात, सगळा डाग पडंल. तुझ्या पोरींना सांग की."

"पोरींना न्हाय सांगायचं मला."

असं बराच वेळ चाललं. शेवटी वहिनींचा आवाज खाली गेला. "नको गं बाळा. बाकी काय बी सांग. तुझ्या संसाराला माझा हात लागाया नको."

अव्वा आतून ऐकत होती. आता ती खूप वाकलीय, भिंतीला धरून बाहेर आली. "महानंदा, कर गं. म्या सांगते. काय बी हुत न्हाय."

वहिनी तिच्याकडे वळल्या. सासूला उलट बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तवा बी तुमीच सांगितलं हुतं, अव्वा," एवढंच त्या म्हणाल्या. अव्वा तशीच भिंत धरून आत गेली.

सृष्टीनं बाटल्या खोक्यात भरल्या. "मग मी कोरीच बसते मांडवात," ती म्हणाली. मी समजूत काढायचा प्रयत्न केला, लग्नात हट्ट करू नये वगैरे जे आत्यांनी सांगायचं ते सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं ऐकू नये असंच मला वाटत होतं. त्या आठवडाभर मायलेकी एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलल्या. हळद लागली तेव्हा वहिनी चुलीपाशी भात बघत होत्या. हाका मारल्या तरी आल्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत बायकांची गर्दी. कुलर घरघरत होता. शालू नेसून झाला, हार-गजरे झाले. मेंदीनं भरलेल्या हातांना चुडा घालायला शोभाक्का पुढं झाली. तिनं सृष्टीचा हात उचलला आणि तिथंच थबकली.

"अगं बया! साऱ्या गावाच्या पोरींची नखं रंगवतीस आन् तुझी अशी उघडी?"

"आईनं लावली न्हाईत अजून," सृष्टी म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "तिला वाटतंय तिचा हात वाईट हाय. ती लावंल तेव्हा लावंल. तवर अशीच."

शोभाक्काच्या हातात चुडा तसाच राहिला. तिचं तोंड उतरलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली, कारण तिथं वहिनी उभ्या होत्या. हातात आहेराच्या पिशव्या. मला वाटलं, आता त्या वळून निघून जाणार. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. गर्दीतून वाट काढत पुढं आल्या आणि लेकीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बघत राहिल्या. मेंदी टोकापर्यंत आलेली आणि वर ती फिकी, रिकामी नखं.

"बाटली आनलीयंस का?" त्यांनी विचारलं.

"सगळं आणलंय," सृष्टी म्हणाली.

आरशापाशी प्लग होता. तिथं दिवा लावला. सृष्टी हळू आवाजात सांगत गेली आणि वहिनी करत गेल्या, घासलं, पुसलं, पातळ थर दिला. त्यांची भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. ओठ काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक शिवाचं नाव. रंग दोनदा कातडीवर गेला. शिकायला येणाऱ्या पोरींवर खेकसणाऱ्या सृष्टीनं तो गुपचूप पुसून घेतला. शोभाक्का बाजूला उभी राहून पदराच्या टोकानं दोघींना वारा घालत होती. तिला काय वाटत होतं ते मी तिला विचारलेलं नाही.

दुसऱ्या हाताला सुरुवात झाली आणि दारावर थाप पडली. अक्षतेची वेळ झालीय, लग्न लावणारे स्वामी बोलवतायत, नवरीला लवकर आणा, म्हणून बाहेरून निरोप. सगळ्या बायकांची एकच धांदल उडाली. कुणी म्हणालं, राहू दे एक हात, पदराखाली झाकता येईल.

वहिनींनी मान वर केली नाही. लेकीचं बोट घट्ट धरून त्या म्हणाल्या, "थांबा म्हनावं त्यांना. माझं झालं न्हाय अजून."